ज्यांना ताप येतो, त्यांना विचारलं का?

इंग्लंडमधल्या एखाद्या केअर होममध्ये पंच्याऐंशीच्या आजीबाई एके दिवशी जरा वेगळ्या वागायला लागतात. नाश्त्याला उठत नाहीत, लेकीचं नाव चुकतं, उगाच चिडतात. पुढचं सगळं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. कर्मचारी लघवीचा नमुना घेणार, त्यात रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवणार, रंग बदलला की डॉक्टरांना फोन जाणार आणि संध्याकाळपर्यंत अँटिबायोटिक सुरू होणार. सगळे खूश. लेकीला वाटतं आईकडे लक्ष आहे, नर्सला वाटतं आपण हयगय केली नाही आणि डॉक्टरांचं काम फोनवरच उरकतं.

गोम अशी आहे की उतारवयात लघवीत जंतू सापडणं हा बऱ्याचदा आजार नसतोच. अशा निवासांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जिवाणू असतात. पुरुषांत हे प्रमाण थोडं कमी. तेव्हा पट्टीचा रंग बदलला म्हणजे चिडचिडीचं कारण सापडलं, असं होत नाही. कारण बद्धकोष्ठ असेल, नवीन सुरू झालेली गोळी असेल, रात्रभर झोप नसेल किंवा दोन दिवस पोटात पुरेसं पाणीच गेलं नसेल. पासष्टीपुढच्या माणसाचा मूत्रसंसर्ग पट्टीवरून ठरवू नका, असं तिथल्या आरोग्ययंत्रणेने आता लेखी सांगितलं आहे. बाथ आणि नॉर्थ ईस्ट सॉमरसेट भागात ‘टू डिप ऑर नॉट टू डिप’ अशा हॅम्लेटी नावाची मोहीमच निघाली. तिच्यात कर्मचाऱ्यांच्या हातातली पट्टी काढून लक्षणांचा तक्ता दिला गेला.

तक्ता भरायचा तर माणूस माहीत हवा. आजीबाई आज वेगळ्या आहेत हे सगळ्यात आधी ओळखते ती त्यांना रोज अंघोळ घालणारी बाई. एरवी त्या कशा असतात, सकाळी उशिरा उठायची त्यांची जन्माची सवयच आहे का, हे सांगू शकते ती लेक. आणि पाणी का कमी पितात याचं उत्तर खुद्द आजीबाईंकडे असतं. हे उत्तर केअर होमवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलं आहे : पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, बाथरूमला न्यायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि लोकांना सारखा त्रास द्यायला नको वाटतं. शिवाय वयाबरोबर तहानेची जाणीवही बोथट होते. रक्त तपासून, लघवी तपासून यातलं काही कळणार नाही. विचारावंच लागतं.

पश्चिम लंडनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘आय-हायड्रेट’ या प्रकल्पात दोन केअर होममध्ये नेमकं हेच केलं. दिवसभरात कुणाला किती वेळा, काय आणि कशातून प्यायला मिळतं, हे शेजारी बसून पाहिलं आणि मग उपाय कर्मचाऱ्यांच्या सोबतीने ठरवले. उपाय ऐकायला फार किरकोळ वाटतील. प्यायला काय काय मिळेल याचं एक मेन्यूकार्ड. दिवसातला ठरावीक वेळ फक्त पेय देण्यासाठी राखून ठेवायचा, त्या वेळात दुसरं काम काढायचं नाही. हातात नीट मावेल, उचलताना जड होणार नाही असा कप. चहा समोर ठेवला म्हणजे चहा पोटात गेला असं नसतं, हे सासूबाईंची सेवा केलेल्या कोणत्याही मराठी बाईला सांगायला नको. पण संसर्ग रोखण्याच्या शास्त्रात कपाचा कान मोजायची रीत नव्हती. पाणी नीट गेलं की मूत्रसंसर्ग कमी, अँटिबायोटिक कमी, आणि औषधांना दाद न देणारे जंतूही कमी, अशी ही साखळी कपापासून सुरू होते. पुढे ‘स्टॉप यूटीआय’ नावाने याच विषयावरच्या उपलब्ध पुराव्यांचा मोठा आढावा निघाला (२०२४). त्याच्याही मुळाशी मुद्दा हाच होता, की मूत्रसंसर्ग टाळणं आणि ओळखणं ही रोजच्या देखभालीतच मुरायला हवीत अशी कामं आहेत.

मुळात केअर होम म्हणजे हॉस्पिटल नव्हे. तिथे माणसं राहतात, जेवणाचं टेबल वाटून घेतात, पत्ते खेळतात, एकमेकांचा हात धरतात. इंग्लंडमध्ये तिथल्या सुमारे सत्तर टक्के रहिवाशांना डिमेन्शिया किंवा स्मरणशक्तीचा गंभीर त्रास असतो. ‘आपल्या खोलीत थांबा’ हे त्यांना सांगून उपयोग नसतो, पाच मिनिटांनी ते पुन्हा बाहेर येतात. हॉस्पिटलात सिद्ध झालेला नियम इथे तसाच आणला की एक तर तो मोडतो, नाही तर माणूस मोडतो.

खरजेचं उदाहरण घ्या. आपल्याकडे खरूज म्हटलं की कुणी दचकत नाही, पण इंग्लंडच्या केअर होममध्ये ती शिरली की महिनोन्महिने घर करते. ब्रायटनच्या डॉक्टरांनी आग्नेय इंग्लंडमधल्या दहा निवासांतल्या साथी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. तपासलेल्या २३० रहिवाशांपैकी सुमारे पाव लोकांना खरूज होती, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ती जाणवतच नव्हती, निदान त्यांची काही तक्रार नव्हती. डिमेन्शिया असलेल्यांना धोका जास्त होता. ज्याला खाज सांगता येत नाही त्याची खरूज कोण ओळखणार? कपडे बदलताना पाठ पाहणारी बाई. पण तिला पाठ पाहायला कुणी शिकवलेलं नसतं, आणि तिच्या स्वतःच्या हाताला खाज सुटली तर ती सांगायला लाजते. इथे मलमाइतकीच तिचं तोंड उघडण्याची गरज असते.

कोविडने हे सगळं चव्हाट्यावर आणलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२० ते जानेवारी २०२२ या काळात केअर होमच्या ४५ हजारांहून अधिक रहिवाशांच्या मृत्यूत कोविडचा हात होता. साथीच्या सुरुवातीला हॉस्पिटलं मोकळी करण्यासाठी वृद्धांना तपासणीशिवाय या निवासांत धाडलं गेलं. वडील गमावलेल्या दोन मुली कोर्टात गेल्या आणि लंडनच्या हायकोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये ते धोरण बेकायदा ठरवलं. घरच्यांनी विचारलेला प्रश्न सरकारी तज्ज्ञ समितीच्या प्रश्नापेक्षा टोकदार असू शकतो, याचा हा कोर्टातला पुरावा.

त्याच साथीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने लॉरा शॅलक्रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘विवाल्डी’ हा अभ्यास उभा केला. नाव इटालियन संगीतकाराचं, काम मात्र अगदी घरगुती चौकशीचं. २०२० च्या मे-जूनमध्ये इंग्लंडमधल्या वृद्धांच्या नऊ हजारांवर निवासांना गाठायचा प्रयत्न झाला आणि ५,१२६ निवासांच्या व्यवस्थापकांनी माहिती दिली. त्यांना विचारलेल्या गोष्टींत एक होती : आजारी पडलेल्या कर्मचाऱ्याला तुम्ही पगार देता का? जिथे देत होते तिथे रहिवाशांना आणि कर्मचाऱ्यांनाही संसर्ग होण्याची शक्यता कमी दिसली. जिथे एजन्सीकडून आलेली, आज इथे तर उद्या तिथे काम करणारी माणसं वारंवार घेतली जात, तिथे जास्त.

अशा पाहणीतून नातं दिसतं, कारण पक्कं होत नाही, हे खरं. पण त्या वर्षी ब्रिटनमध्ये आजारपणाचा कायद्याने ठरलेला किमान भत्ता आठवड्याला ९५ पौंड ८५ पेन्स होता. घरभाडं, पोरांचं खाणं आणि घसा खवखवतोय एवढंच लक्षण. अशी बाई काय करेल? कामावर येईल. विषाणूशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य सापडणार नाही, पण केअर होमच्या स्वयंपाकघरात कुणालाही विचारलं असतं तर पहिल्या मिनिटाला मिळालं असतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या संसर्ग-संशोधनातला हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

याच विवाल्डी गटाने लस आल्यावर ३१० निवासांतल्या १०,४१२ रहिवाशांची माहिती तपासली. त्यांचं मध्यम वय ८६. पहिल्या डोसनंतर पाच ते सात आठवड्यांत संसर्गाचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला होता. लशींच्या मूळ चाचण्यांत इतकी वृद्ध आणि अशक्त माणसं फारशी नव्हतीच, म्हणून हा आकडा मोलाचा.

आणि न विचारता केलं की काय होतं? लिव्हरपूलमध्ये २०२०-२१ च्या हिवाळ्यात अकरा केअर होममध्ये कर्मचाऱ्यांची झटपट तपासणी वाढवून पाहिली. आठवड्यातून अनेकदा नाकात काडी, नोंद, पुन्हा नोंद. तपासणी बरी होती, पण वेळापत्रक पूर्ण पाळणारे कर्मचारी अगदी थोडे निघाले. आळस हे कारण नव्हतं. आधीच माणसं कमी, त्यात तपासणीसाठी लवकर यायचं किंवा कामातून उठायचं. ज्या बाईच्या वाट्याला सकाळी आठ जणांच्या अंघोळी आहेत तिच्या वेळापत्रकात ही पंधरा मिनिटं कुठे बसवायची, हे कागदावर योजना आखणाऱ्याला सांगता येत नाही.

खरं तर केअर होममधलं जवळजवळ प्रत्येक संशोधन शेवटी तिच्याच हातांनी होतं. ‘प्रिन्सेस’ नावाच्या ब्रिटिश चाचणीत २३ निवासांतल्या ३१० रहिवाशांना वर्षभरापर्यंत रोज प्रोबायोटिक किंवा तशीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली. अँटिबायोटिक घ्यावे लागण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत, आणि २०२० मध्ये ते तसंच प्रामाणिकपणे छापलं गेलं. उलट अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या २८ नर्सिंग होममध्ये नेहमीच्या साबणाऐवजी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने अंघोळ आणि नाकात पोव्हिडोन-आयोडीन असा दीड वर्षाचा प्रयोग झाला, तेव्हा संसर्गासाठी हॉस्पिटलात न्यावं लागण्याचं प्रमाण उतरलं. कॅप्सूल असो वा अंघोळ, ती रोज देणारी, घालणारी माणसं निवासातलीच. ‘आज नको’ म्हणणाऱ्या आजोबांची समजूत कशी घालायची हे त्यांच्याच अंगवळणी पडलेलं असतं.

नातेवाइकांच्या बाबतीत मला सगळ्यात बोलका वाटतो तो नेदरलँड्सचा अनुभव. तिथे मार्च २०२० मध्ये सगळ्या नर्सिंग होमची दारं भेटायला येणाऱ्यांसाठी बंद झाली. काही आठवड्यांत दिसायला लागलं की कोविडपासून वाचलेले वृद्ध एकटेपणाने खंगताहेत. तिथे अशा निवासांत रहिवाशांची आणि घरच्यांची समिती असणं १९९६ पासून कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ओरड नुसती वर्तमानपत्रात राहिली नाही. मे महिन्यात २६ निवासांत दारं किलकिली केली : एका रहिवाशाला एकच ठरलेला माणूस, ठरावीक नियम. आणि ही दारं उघडणं हाच अभ्यास झाला. मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी त्यावर नजर ठेवली, निवासांशी फोनवर बोलत राहिले, काय जमतं आणि काय अडतं ते टिपलं. त्या आठवड्यांत या २६ ठिकाणी नवा संसर्ग आढळला नाही. रहिवासी, घरचे आणि बरेचसे कर्मचारीही सुखावले. अडचणी होत्याच. दीड मीटर अंतर राखा, हे डिमेन्शिया झालेल्या नवऱ्याला समजत नव्हतं आणि पन्नास वर्षांच्या बायकोला झेपत नव्हतं. कर्मचाऱ्यांवर भेटींचं नियोजन करण्याचा ताण वाढला. पण जूनपर्यंत बहुतेक निवासांची दारं उघडायला हा अभ्यास आधार ठरला. इंग्लंडमध्ये भेटीचा हक्क नियमात यायला एप्रिल २०२४ उजाडावं लागलं, आणि त्यामागेही घरच्यांच्याच मोहिमा होत्या.

मास्ट्रिख्टला हे इतक्या चटकन जमलं त्याला जुनी पुण्याई आहे. १९९८ पासून तिथलं विद्यापीठ आणि परिसरातले निवास एका जाळ्यात बांधलेले आहेत. विद्यापीठातला संशोधक ठरलेल्या दिवशी निवासात जाऊन काम करतो आणि निवासातला एखादा अनुभवी कर्मचारी विद्यापीठात. साथ आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो. ती आधीच असावी लागते.

आता कळीचा मुद्दा संमतीचा. ज्याला कागदावर काय लिहिलंय ते समजत नाही त्याच्यावर संशोधन करायचं तरी कसं? आणि करायचंच नाही म्हटलं, तर ज्यांना संसर्ग सर्वाधिक छळतो त्यांच्याबद्दल आपल्याला कधीच काही कळणार नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने यातून एक वाट काढली आहे. रहिवाशाला निर्णय घेता येत नसेल, तर संशोधकाने पगारासाठी देखभाल न करणाऱ्या जवळच्या माणसाचा सल्ला घ्यायचा. त्याला ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायचं नाही. ‘यांना समजत असतं तर यांनी काय म्हटलं असतं?’ असं विचारायचं. यातला फरक मोठा आहे. मुलाला विज्ञानाची हौस असेल, पण बापाला आयुष्यभर सुईची भीती वाटत आली असेल, तर मुलाने बापाच्या वतीने नाही म्हणायला हवं. आणि अभ्यासात घेतल्यावरही त्या माणसाने विरोध दाखवला, हात मागे घेतला, तोंड फिरवलं, तर थांबायचं. कायद्याचं हे कलम मला फार माणुसकीचं वाटतं. संमती समजण्यासाठी शब्द लागतात. नकार समजण्यासाठी पुरेसं लक्ष असलं की झालं.

माहिती वापरण्याचा प्रश्न याहून किचकट. साथ ओसरल्यावर केअर होममधल्या तपासण्या थांबल्या आणि त्याबरोबर माहितीचा झराही आटला. म्हणून युनिव्हर्सिटी कॉलेजने केअर होमचालकांच्या संघटनांना बरोबर घेऊन ‘विवाल्डी सोशल केअर’ ही पुढची पायरी बांधली. निवासाने रहिवाशांचे आरोग्यसेवेतले क्रमांक कळवायचे, ते हॉस्पिटल आणि तपासण्यांच्या नोंदींशी जोडायचे, आणि कुठे कोणता संसर्ग वाढतोय ते पाहायचं. प्रत्येकाची सही घेत बसलं तर डिमेन्शिया असलेले सगळे गळतील, म्हणून पद्धत उलटी ठेवली : निवासात पत्रकं, पोस्टर लावायची, रहिवाशांना आणि घरच्यांना सांगायचं, आणि ज्याला नको असेल त्याने नाव काढून घ्यायचं. यावर आक्षेप घेता येतो, घ्यायलाही हवा. भिंतीवरचं पोस्टर कितीजण वाचतात? म्हणूनच अशा प्रकल्पाच्या रचनेत रहिवासी आणि नातेवाईक सुरुवातीपासून बसलेले असणं शोभेचं नाही, गरजेचं आहे. माहिती कोण पाहणार, विकली जाणार का, निवासाची बदनामी होणार का, हे प्रश्न त्यांचेच आहेत.

सहभाग नावाची गोष्ट ढोंगही होऊ शकते, हेही बोलायला हवं. अर्ज भरताना एक आजोबा गाठायचे, फोटो काढायचा, अहवालात एक परिच्छेद टाकायचा, हा प्रकार जगभर चालतो. निवडले जातात ते बोलके, चालते-फिरते, इंग्रजी उत्तम असलेले. अंथरुणाला खिळलेल्यांचं कोण ऐकणार? कर्मचाऱ्यांना बैठकीला बोलावतात ते शिफ्ट बदलण्याच्या वेळी, आणि शेजारी मॅनेजर बसलेला. मग सगळं छानच चाललंय असं उत्तर येतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या एनआयएचआर या ब्रिटिश संशोधन संस्थेने निदान एक गोष्ट बरी केली, की अशा कामात वेळ देणाऱ्या सामान्य माणसाला तासाला २५ पौंडांच्या घरात मानधन द्यावं असं ठरवलं. फुकट मिळालेला सल्ला फुकटच जातो. केअर होमसाठी त्यांची ‘एनरिच’ नावाची मार्गदर्शिकाही आहे, आणि निवासाच्या दिनक्रमाशी जुळवून घेऊन संशोधन कसं करावं, हे ती संशोधकांना शिकवते.

या चित्रात भारतीय माणूसही आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअर होमच्या कामासाठी परदेशी माणसांना व्हिसा खुला केला आणि भारत, झिम्बाब्वे, नायजेरिया इथून हजारो लोक गेले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्याने भरती बंद झाली, पण गेलेले तिथे आहेत. त्यांचा व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. अशा माणसाला ‘तुमच्याकडे हातमोजे पुरतात का?’ असं विचारलं तर तो खरं सांगेल? उत्तर कुणाच्या कानावर जाणार नाही याची खात्री पटली तरच. तुमच्या ओळखीचं, नात्यातलं कुणी तिकडे असं काम करत असेल, तर संशोधकांशी बोलणं हा त्यांचा हक्क आहे आणि न बोलणं हाही, हे त्यांना सांगा.

आपल्याकडे आई-वडिलांच्या देखभालीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम, कमीत कमी दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी, अशी तरतूद आहे. बाकी बहुतेक वृद्धाश्रम ट्रस्टचे किंवा खासगी. मेडिकल, नर्सिंग आणि समाजकार्याचे विद्यार्थी तिथे दरवर्षी प्रश्नावल्या घेऊन जातात. त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती आहे. प्रश्नावली छापण्याआधी विद्यार्थ्यांना दोन-चार दिवस तिथल्या मावशींबरोबर नुसतं चहाच्या फेरीवर पाठवा, आणि कोणते प्रश्न विचारायचे ते परत आल्यावर ठरवा.